दुकानोदुकानी फिरून काम मिळवताना छापील साहित्य कसे निवडावे? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अशा छोट्या व्यावसायिकांसाठी आहे, जे काम मिळवण्यासाठी स्वतः दुकानांच्या पायऱ्या चढतात : वजनकाटे दुरुस्त करणारे, सीसीटीव्ही बसवून देणारे, खोकी आणि पिशव्या पुरवणारे, कीटकनियंत्रण करणारे, दुकानदारांचे हिशेब आणि विवरणपत्रे सांभाळणारे. उदाहरणे बहुतेक पुण्यातली आहेत, कारण आमचा संबंध इथल्या पेठांतल्या छापखान्यांशी आणि दुकानांशी येतो. कोल्हापूर, नाशिक किंवा नागपूरच्या बाजारपेठेत तपशील थोडे बदलतील, पण काउंटरपलीकडचा माणूस फारसा बदलणार नाही.

सुरुवातीला नेमके काय छापून घ्यावे?

छापखान्यात जाण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी : आपण देणार तो कागद कोणाच्या हातात पडणार आणि प्रत्यक्षात तो कोण वाचणार. ही दोन माणसे बहुधा वेगळी असतात. रविवार पेठेतल्या किंवा भवानी पेठेतल्या एखाद्या दुकानात तुम्ही गेलात, तर मालक गल्ल्यावर असतीलच असे नाही. काउंटरवरचा मुलगा किंवा मुनीम तुमचे बोलणे अर्धवट ऐकतो आणि "शेठ बाहेर गेलेत, कार्ड ठेवून जा," एवढेच सांगतो. संध्याकाळी मालक परत येतात तेव्हा तुम्ही तिथे नसता, तुमचे बोलणे मुलाच्या लक्षात राहिलेले नसते आणि उरतो तो फक्त कागद. म्हणून तो हातात देताना किती देखणा दिसतो याला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. तुम्ही पायऱ्या उतरून गेल्यावर तो काउंटरच्या काचेखाली जाईल, गल्ल्यात पडेल, बिलांच्या तारेत खोचला जाईल, त्याच्या पाठीवर बेरजा मांडल्या जातील की रात्री दुकान झाडताना केरात जाईल, याचा अंदाज घेऊन त्याचा आकार, जाडी आणि मजकूर ठरवावा.

पहिल्या तीन महिन्यांसाठी तीनच गोष्टी पुरतात : व्हिजिटिंग कार्ड, ए५ आकाराचे एक पत्रक आणि सुटे दरपत्रक. बाकीचे सारे बाजाराचा अनुभव आल्यावर करावे.

फक्त व्हिजिटिंग कार्डावर भागणार नाही का?

ओळखीतून गेलात तर भागते. अनोळखी दुकानात मात्र कार्डावरून मालकांना तुमचे नाव कळते, पण तुम्ही का आला होतात ते कळत नाही. "श्री एंटरप्रायझेस" किंवा "साई सर्व्हिसेस" या नावांवरून कोणता धंदा आहे याचा पत्ता लागत नाही, आणि काचेखाली आधीच अशी दहा कार्डे असतात. कार्डच द्यायचे असेल, तर आपल्या नावाच्या जागी कामाचे नाव मोठे छापावे. "इलेक्ट्रॉनिक वजनकाटे : दुरुस्ती, पडताळणी, मुद्रांकन" ही ओळ सर्वांत ठळक आणि तुमचे नाव तिच्याखाली. स्वतःचे नाव लहान टाकायला मन तयार होत नाही, हे आम्ही जवळजवळ प्रत्येक ग्राहकाच्या बाबतीत पाहिले आहे. पण काटा बंद पडला की दुकानदार कामाचे नाव शोधतो, माणसाचे नाही.

आपल्याकडे कार्डाचा रूढ आकार साडेतीन बाय दोन इंच आहे. चौकोनी, गोल किंवा मोठ्या आकाराची कार्डे लक्ष वेधून घेतात हे खरे, पण ती पाकिटात आणि कार्डांच्या अल्बममध्ये बसत नाहीत आणि मग कुठेच ठेवली जात नाहीत.

कार्डासाठी कोणता कागद आणि कोणते लॅमिनेशन घ्यावे?

साधारण ३०० ते ३५० जीएसएमचे (हे कागदाच्या वजनाचे माप, त्याचा खुलासा पुढे आहे) आर्टकार्ड, म्हणजे गुळगुळीत लेप असलेला जाड कागद, पुरेसे होते. त्यावर मॅट किंवा ग्लॉस लॅमिनेशन, मखमली लॅमिनेशन, ठरावीक भागावर चकाकी देणारे स्पॉट यूव्ही असे पर्याय छापखानदार दाखवतात आणि नमुन्यांच्या अल्बममध्ये ते सगळेच छान दिसतात. इथे एक व्यवहाराची बाब विसरली जाते. दुकानदार कार्डावर लिहितो : "मंगळवारी येणार", "२ कॅमेरे", "भाऊंचा मित्र". चकचकीत लॅमिनेशनवर बॉलपेनची शाई धरत नाही आणि धरली तरी अंगठ्याने पुसली जाते. ज्या कार्डावर हाताने काही लिहिलेले असते ते फेकले जाण्याची शक्यता फार कमी असते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून मागची बाजू लॅमिनेशनविना आणि निम्मी तरी कोरी ठेवावी.

याला एक अडचण आहे. एकाच बाजूला लॅमिनेशन केलेले कार्ड दमट हवेत वाकते, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमटच असते. त्यावर दोन उपाय आहेत : जाडी ३५० जीएसएमच्या खाली जाऊ देऊ नये, किंवा लॅमिनेशनच टाळून लेप नसलेला खरखरीत बोर्ड वापरावा. आम्हाला दुसरा उपाय अधिक पटतो. असे कार्ड थोडे लवकर मळते, पण त्यावर लिहिता येते.

पत्रक कोणत्या आकाराचे असावे?

ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, साधारण वहीच्या पानाएवढे. हा आकार काउंटरवर ठेवला तर अडचण होत नाही, आडवी घडी घातली तर शर्टाच्या खिशात जातो आणि छापखान्यात मोठ्या शीटमधून कापताना कागद वाया जात नाही. ए४ पत्रक दुकानदार घेतो खरे, पण चार घड्या घालून, आणि घडी मजकुरावरूनच जाते. तीन घड्यांचे ए४ ब्रोशर उंचीला २१० आणि रुंदीला साधारण ९९ मिलिमीटर होते, दिसायलाही व्यवस्थित असते. मात्र ते उघडून वाचण्याइतकी फुरसत ज्याला आहे त्यालाच ते द्यावे, म्हणजे ऑफिस असलेल्या व्यावसायिकाला, शाळेला, दवाखान्याला, एमआयडीसीतल्या युनिटच्या खरेदी विभागाला. किराणा दुकानाच्या काउंटरवर ते बंदच राहते आणि आतली चार पाने कोणी पाहत नाही.

जीएसएम म्हणजे काय, आणि पत्रकासाठी किती घ्यावे?

एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममध्ये वजन म्हणजे जीएसएम. ए४ कागद हा एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, त्यामुळे ८० जीएसएमचा झेरॉक्स कागद प्रत्येकी ५ ग्रॅम भरतो आणि १३० जीएसएमचे ए४ पत्रक साधारण ८ ग्रॅम. ही आकडेमोड निरर्थक नाही. दिवसभर दोनशे ए४ पत्रके खांद्यावर घेऊन फिरायचे, तर फक्त पत्रकांचेच वजन दीड किलोच्या वर जाते. ए५ घेतले तर ते निम्म्यावर येते.

जाडीबरोबर कागदाची जातही पाहावी. आर्टपेपर गुळगुळीत असतो, त्यावर छायाचित्रे उठून दिसतात, म्हणून सजावट, फर्निचर, फलक अशा डोळ्यांना पटवाव्या लागणाऱ्या कामांसाठी १३० किंवा १७० जीएसएमचा आर्टपेपर योग्य. हिशेबनीस, काटे दुरुस्त करणारे, खोकी पुरवणारे यांना छायाचित्रांची फारशी गरज नसते. त्यांनी ९० ते १०० जीएसएमच्या मॅप्लिथो, म्हणजे लेप नसलेल्या, कागदावर एकाच बाजूने, एक किंवा दोन रंगांत छापावे आणि पाठ कोरी सोडावी. दुकानदार त्या पाठीवर मालाची यादी करतो, बेरीज मांडतो, गिऱ्हाईकाला भाव लिहून दाखवतो. तुमचे पत्रक त्या निमित्ताने चार दिवस काउंटरवर राहते. हे ऐकून काही जणांना वाईट वाटते, आपल्या जाहिरातीचा हा अपमान आहे असे वाटते. आम्हाला तसे वाटत नाही.

पत्रकावर किती आणि काय लिहावे?

वर अडचण, मध्ये उपाय, खाली संपर्क. अडचण दुकानदाराच्या शब्दांत असावी. "आपल्या आस्थापनेच्या सर्वंकष सुरक्षा गरजांसाठी एकात्मिक उपाययोजना" असे लिहिलेले पत्रक आम्ही छापून दिले आहे, आणि ते कोणालाच कळले नाही. त्याच व्यावसायिकाने पुढच्या खेपेला "कॅमेरा चालू आहे, पण रेकॉर्डिंग होते आहे का?" एवढा एकच प्रश्न वर छापला, तेव्हा दुकानदार तो वाचून स्वतःहून बोलू लागले, कारण अनेकांना आपले रेकॉर्डिंग किती दिवसांचे राहते हे ठाऊकच नव्हते.

उपायाच्या भागात काम किती वेळात होईल, दुकान बंद ठेवावे लागेल का, आणि कोण येईल, या तीन गोष्टी नक्की असाव्यात. संपर्कात एकच मोबाइल नंबर द्यावा, दोन नकोत. दोन दिले तर नेमका बंद असलेलाच लावला जातो. पत्ता आणि भागाचे नाव द्यावे, कारण "नाना पेठेतच आहे, शेजारच्या गल्लीत" ही गोष्ट स्थानिक दुकानदाराला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक विश्वासाची वाटते. जीएसटी क्रमांक पत्रकावर छापण्याची गरज नाही. तो कोटेशनवर आणि बिलावर असावा.

अक्षरांचा आकार हा आमचा कायमचा वादाचा विषय. मालकांची बहुधा चाळिशी आलेली असते आणि चाळिशी नेमकी घरी राहिलेली असते, त्यामुळे मुख्य मजकूर १२ पॉइंटच्या खाली नेऊ नये. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार-ऋकार असल्याने दोन ओळींत अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त लागते. गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे संगणकाच्या पडद्यावर सुंदर दिसतात, पण ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, शाई पसरून त्यांच्या गाठी भरतात.

मजकूर मराठीत असावा, हिंदीत की इंग्रजीत?

मराठीत. पुण्यातल्या व्यापारी पेठांमध्ये गुजराती, मारवाडी, सिंधी कुटुंबांची जुनी दुकाने आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच व्यापार केल्यामुळे त्यांना मराठी वाचण्यात काहीच अडचण येत नाही. ज्या भागात काउंटरवरची मुले आणि मालकही अलीकडे बाहेरून आलेले आहेत, तिथे एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी असे करता येते, पण मग पाठ कोरी राहत नाही हे लक्षात घ्यावे. आयटी कंपन्यांच्या परिसरातली कार्यालये आणि मोठी रुग्णालये यांच्यासाठी इंग्रजी पत्रक वेगळे करावे. एकाच बाजूला तीन भाषा कोंबलेले पत्रक रेल्वे स्थानकावरच्या फलकासारखे दिसते, आणि वाचणाऱ्याला आपली ओळ शोधावी लागते.

मोबाइल नंबर मात्र इंग्रजी आकड्यांतच छापावा. मराठीच्या अभिमानाविषयी आमच्या मनात शंका नाही, पण फोनच्या कळपट्टीवर जे आकडे असतात ते पाहून नंबर लावणे सोपे जाते आणि चूक होत नाही.

संगणकावर बरोबर दिसणारा मराठी मजकूर छापल्यावर का मोडतो?

मराठी मजकूर दोन पद्धतींनी लिहिला जातो. मोबाइलवर आणि आजच्या संगणकांवर आपण लिहितो तो युनिकोड. अनेक छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत मात्र श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक फाँटवर काम चालते. एका पद्धतीचा मजकूर दुसरीत तसाच चिकटवला, किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड उघडले, की रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात. माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या एका कामात हजार पत्रकांवर "पिहली भेट मोफत, सवर् प्रकारची कामे" असे छापून आले. छापखान्याने फाइल आमच्याकडून आली होती असे सांगितले, आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर बरोबर पाठवला होता असे सांगितले, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

यावर उपाय असा की अंतिम फाइलमधला मजकूर कर्व्हमध्ये रूपांतरित करून घ्यावा, म्हणजे फाँट नसलेल्या संगणकावरही अक्षरे चित्रासारखी जशीच्या तशी राहतात. त्यानंतर पीडीएफ मागवून तिची कागदावर, खऱ्या आकारात प्रत काढावी आणि ती स्वतः न वाचता घरातल्या दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. मोबाइल नंबर लावून पाहावा. हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण चुकीचा नंबर छापलेली पत्रके आमच्याकडे एकाहून अधिक वेळा परत आली आहेत. छायाचित्रे ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) असावीत, कडेपर्यंत जाणाऱ्या रंगाला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडावा, आणि पडद्यावरचा झगमगीत निळा किंवा पोपटी रंग चार शाईंच्या छपाईत थोडा मंद उतरतो हे आधीच मान्य करावे.

दर पत्रकावर छापावेत का?

मुख्य पत्रकावर छापू नयेत. दर बदलतात, आणि जुने पत्रक पुढे करून "तुम्हीच तर लिहिले आहे," असे म्हणणाऱ्या दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मात्र दर अजिबात न सांगणाऱ्या माणसाबद्दलही दुकानदाराच्या मनात संशय राहतो. म्हणून दरपत्रक वेगळे, साध्या कागदावर, एकरंगी काढावे, त्यावर "अमुक तारखेपर्यंत लागू" असे लिहावे आणि ज्याने दर विचारला त्यालाच ते द्यावे. हे काम डिजिटल छपाईवर पन्नास-पन्नास प्रतींत होते. दरपत्रक देताना त्याच्यासमोर पेनाने त्याला लागू असलेल्या ओळीखाली रेघ मारावी.

ऑफसेट की डिजिटल, आणि किती प्रती?

ऑफसेटमध्ये प्रत्येक रंगाची प्लेट बनवावी लागते आणि यंत्र जुळवताना काही कागद वाया जातात. हा सुरुवातीचा खर्च शंभर प्रती काढा की पाच हजार, तेवढाच राहतो. डिजिटलमध्ये प्लेट नसते, प्रत्येक शीटचा दर जवळजवळ सारखाच लागतो. म्हणून काही शे प्रतींपर्यंत डिजिटल परवडते आणि हजारांच्या पुढे ऑफसेट. व्हिजिटिंग कार्डांच्या बाबतीत अनेक छापखाने वेगवेगळ्या ग्राहकांची कार्डे एका मोठ्या शीटवर एकत्र छापतात, त्यामुळे हजार कार्डे स्वस्तात मिळतात. मात्र पुढच्या खेपेला रंगाची छटा तंतोतंत तीच येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रतींचा आकडा छापखानदाराच्या दरपत्रकावरून न ठरवता स्वतःच्या पायांवरून ठरवावा. नीट थांबून, बोलून, नोंद करून एका माणसाला दिवसात वीस-पंचवीस दुकाने होतात. आठवड्यातले चार दिवस फिरलात, तर महिन्याला साधारण चारशे. पाच हजार पत्रके स्वस्त पडतात म्हणून घेतलीत, तर ती संपायला वर्ष लागेल, आणि तोपर्यंत तुमचा मजकूर सुधारण्याची इच्छा तुम्हालाच झालेली असेल. पहिली खेप दोनशे प्रतींची, डिजिटलवर. ती वाटून झाल्यावर लोकांनी काय विचारले ते पाहून मजकूर बदलावा आणि मग ऑफसेटवर हजार काढाव्यात. पहिल्या खेपेचा मजकूर दुसऱ्या खेपेत जसाच्या तसा राहिल्याचे आम्ही क्वचितच पाहिले आहे.

दिवाळीपूर्वी, लग्नसराईत आणि निवडणुकांच्या काळात छापखाने गळ्यापर्यंत बुडालेले असतात. त्या दिवसांत चार दिवसांचे काम दहा दिवसांवर जाते.

क्यूआर कोड छापावा का?

पत्रकावर आणि कार्डाच्या मागे अवश्य छापावा, पण तो थेट व्हॉट्सअ‍ॅप संभाषण उघडणारा असावा. संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नेणारा नको. त्याची बाजू दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावी, भोवती पांढरी मोकळी चौकट राहू द्यावी आणि तो पांढऱ्यावर काळाच असावा. घडी त्याच्यावरून जाणार नाही अशी जागा निवडावी.

क्यूआर असलेले स्टिकर दुकानात चिकटवण्याचा आग्रह मात्र धरू नये. दुकानदाराच्या काउंटरवर पैसे घेण्याचा क्यूआर आधीच असतो, आणि त्यावर भलताच क्यूआर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार त्याने ऐकलेले असतात. अनोळखी माणूस काउंटरवर क्यूआर लावू पाहतो, हे दृश्य त्याला आवडणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

स्टिकर, कॅलेंडर, पेन अशा वस्तूंचा उपयोग होतो का?

ज्या वस्तूचा दुकानाच्या कामाशी संबंध आहे, तिचा होतो. सर्वांत उत्तम उदाहरण वजनकाटे दुरुस्त करणाऱ्यांचे आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी आणि मुद्रांकन (तपासून सरकारी मुद्रा उमटवणे) वर्षातून एकदा करून घ्यावे लागते, आणि पुढची तारीख बहुतेक दुकानदार विसरतात. परवानाधारक दुरुस्तीकाराने "पुढील पडताळणी : ....." अशी मोकळी जागा असलेला छोटा, पाण्याने न सुटणारा स्टिकर छापून घ्यावा आणि मुद्रा झाकली जाणार नाही अशा बेताने मालकांच्या परवानगीने काट्याच्या बाजूला लावावा. तो स्टिकर वर्षभर तिथेच राहतो आणि त्यावर तुमचा नंबर असतो. हिशेब सांभाळणाऱ्यांना असेच काम विवरणपत्रांच्या तारखांचे कार्ड करते : दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी (कराचे सारांश विवरणपत्र) ची २० तारीख, ठळक अक्षरांत, गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटेल अशा आकारात. मुदती कधीकधी वाढवल्या जातात, तेव्हा "मुदतवाढ झाल्यास कळवू" ही ओळ त्यावर घालावी, आणि मग खरोखर कळवावे.

कॅलेंडर महाराष्ट्रात कोणीही नको म्हणत नाही, आणि हीच त्याची अडचण आहे. डिसेंबरच्या अखेरीस दुकानात आठ-दहा कॅलेंडरे जमतात, त्यातले एक-दोन भिंतीवर लागतात, उरलेली शेजारीपाजारी आणि घरी जातात. तिथी, सण, एकादशी, चतुर्थी पाहायला घरात "कालनिर्णय" १९७३ पासून ठाण मांडून आहे. त्याच्याशी स्पर्धा करणे शहाणपणाचे नाही. कॅलेंडर द्यायचेच असेल, तर भिंतीवरच्या चित्रांच्या कॅलेंडरपेक्षा काउंटरवर उभे राहणारे, मोठ्या आकड्यांचे आणि तारखेशेजारी लिहायला चौकट असलेले द्यावे. शिवकाशीहून येणाऱ्या तयार कॅलेंडरांवर खालच्या पट्टीत नाव छापून घेणे स्वस्त पडते, मात्र मागणी दिवाळीच्या सुमारास नोंदवावी लागते. डिसेंबरात धावपळ केली तर उरलेली चित्रे पदरी पडतात.

पेन हरवते. किल्ल्यांची कीचेन गल्ल्यात पडून राहते. आकर्षक डायरी मालकांच्या मुलीच्या दप्तरात जाते, याला आमची हरकत नाही, पण ज्याने दोनशे डायऱ्या वाटल्या त्या ग्राहकाची होती.

असे साहित्य वाटण्याला कायद्याची काही बंधने आहेत का?

दुकानात जाऊन मालकाच्या हाती पत्रक देण्याला अडचण नाही. भिंतीवर, विजेच्या खांबावर, झाडावर, बंद शटरवर परवानगीविना काही चिकटवणे ही वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा १९९५ पासून आहे आणि त्यात शिक्षेची तरतूद आहे. पत्रकावर तुमचाच नंबर असल्याने शोध घेणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. फलक करणार असाल, तर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे कापडी फलकाचा विचार करावा.

काही व्यवसायांना अशी भटकंतीच मना आहे. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या पहिल्या अनुसूचीनुसार व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालाने परिपत्रक, जाहिरात किंवा वैयक्तिक संपर्क यांद्वारे काम मागणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, आणि वकिलांवरही भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी तसेच बंधन आहे. हिशेबनीस म्हणून स्वतंत्र काम करणाऱ्यांना हे लागू होत नाही, पण एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयातर्फे पत्रके वाटायला निघाला असाल, तर आधी त्यांना विचारावे. राष्ट्रीय बोधचिन्ह किंवा सरकारी खात्याचे चिन्ह पत्रकावर "विश्वासार्ह दिसावे" म्हणून टाकण्याची चूक कोणीच करू नये.

पत्रके घेऊन कधी जावे?

भवानी होण्याआधी कधीही जाऊ नये. सकाळी दुकान उघडल्यावर पहिले गिऱ्हाईक होईपर्यंत दुकानदार पैसे मागणाऱ्या, काही विकायला आलेल्या माणसाला दारात पाहून नाराज होतो, आणि ही नाराजी तुमच्या कागदावर निघते. किराणा आणि कापडाच्या दुकानांत साडेअकरा ते साडेबारा, हॉटेलांत दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी. एक ते चारची पुणेरी विश्रांती हा थट्टेचा विषय असला, तरी ज्या दुकानांत ती आजही पाळली जाते तिथे अर्धवट खाली आलेल्या शटरमधून पत्रक आत सरकवण्याचा मोह टाळावा. साप्ताहिक सुटीचा वार भागाभागांत वेगळा असतो, तो आधी पाहून ठेवावा.

दसरा-दिवाळीच्या गर्दीत कोणालाही तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. उलट पितृपक्षात खरेदी थंडावते, मालक गल्ल्यावर बसून असतात आणि बोलायला तयार असतात. ते तेव्हा नवीन काम सुरू करणार नाहीत, "घटस्थापनेनंतर बघू," असे म्हणतील. पण तुमचे पत्रक त्या पंधरवड्यात त्यांनी खरोखर वाचलेले असेल, आणि घटस्थापनेनंतरची तारीख त्यांच्यासमोरच डायरीत लिहून घेण्याची सोय होते.

पावसाळ्यात पत्रके प्लास्टिकच्या झिप फोल्डरमध्ये न्यावीत आणि छपाईसाठी दोन दिवस जास्त धरावेत. दमट हवेत ऑफसेटची शाई उशिरा वाळते, आणि घाईने कापून गठ्ठा बांधला तर एका पत्रकाचा रंग दुसऱ्याच्या पाठीवर उमटतो.

कोणत्या कागदामुळे काम आले हे कसे ओळखावे?

प्रत्येक भागासाठी पत्रकाच्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर छापावे किंवा रबरी शिक्क्याने उमटवावे : रविवार पेठेसाठी "र", मार्केट यार्डासाठी "म". फोन आला की "पत्रकाच्या कोपऱ्यात कोणते अक्षर आहे, जरा सांगता का?" असे विचारावे. बहुतेक जण सांगतात, आणि त्यातून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे पत्रक अजून त्यांच्या हाताशी आहे. सोबत एक साधी वही ठेवावी : दुकान, भेटलेला माणूस, दिलेला कागद, काय बोलणे झाले. दुसऱ्या फेरीला जाताना तेच पत्रक पुन्हा देऊ नये. पहिले कुठे दिसते आहे ते पाहावे, दिसत असेल तर त्याचाच विषय काढावा.

नंबर किंवा पत्ता बदलला, तर उरलेल्या पत्रकांचे काय करावे?

जुना नंबर पेनाने खोडून नवा लिहिलेले पत्रक देऊ नये. काउंटरपलीकडचा माणूस ते पाहून तुमचा धंदा डबघाईला आला आहे असे समजतो. थोड्या प्रती असतील तर नव्या नंबराची छापील पट्टी नीट चिकटवता येते, पण पन्नासच्या पुढे ते काम कंटाळवाणे होते आणि शेवटच्या पट्ट्या तिरक्या लागतात. मॅप्लिथो कागदाची, पाठ कोरी असलेली पत्रके असतील, तर बाइंडरकडून त्यांचे चार तुकडे करून, वर गोंद लावून चिठ्ठ्यांची पॅड करून घ्यावीत आणि ती स्वतःच्याच टेबलावर वापरावीत. लॅमिनेशन केलेली कार्डे मात्र कोणत्याच कामाची राहत नाहीत, त्यामुळे जागा बदलण्याचा विचार मनात असताना कार्डे हजारांत छापू नयेत.